सर्वानुमते फवारणी

ठरावकाकांच्या ढोबळ्या मिरच्यांवर मावा पडला तेव्हा काकू घरी नव्हत्या. खरं तर मिरच्या काकूंच्याच. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कडेला जुन्या बादल्या, तडा गेलेले टब आणि कपडे धुण्याच्या बंद पडलेल्या मशीनचं पोट, एवढ्या इस्टेटीत त्यांनी त्या वाढवल्या होत्या. रोज सकाळी गच्चीवर जायचं, एक मिरची तोडायची, बाहीला पुसायची आणि तिथेच उभ्या उभ्या कचकन चावा घ्यायचा, हा त्यांचा नेम होता. धुवायचा प्रश्न नव्हता. "माझ्या हातची आहे, तिला काय धुवायचंय?" असं त्या म्हणत.

लेकीचं बाळंतपण आलं आणि काकूंना तिच्याकडे जावं लागलं. निघताना त्यांनी आपल्या जुडग्यातून गच्चीची किल्ली काढली, थोडा विचार केला, पुन्हा जुडग्यात अडकवली, पुन्हा काढली आणि शेवटी काकांच्या तळहातावर ठेवली.

"सकाळी पाणी घाला. बाकी काही म्हणजे काही करू नका."

या वाक्यातला दुसरा भाग काकांच्या कानात शिरलाच नाही. ते हातातल्या किल्लीकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंनी त्यांच्यावर काही सोपवलंय असं प्रथमच घडत होतं. एकदा "दूध गॅसवर आहे, बघा हं," असं सांगितलं होतं, तेव्हा काकांनी ते बघितलं आणि उतू जाताना ते नेमकं कुठल्या बाजूने गेलं हे काकू आल्यावर व्यवस्थित सांगितलं. एकदा लेकीचे मासे सांभाळायला दिले होते. त्या माशांचा विषय घरात आजही कोणी काढत नाही. त्यामुळे ही किल्ली म्हणजे साधी किल्ली नव्हती. काकांनी ती लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि अंघोळीलासुद्धा काढली नाही.

ठरावकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. सारी नोकरी त्यांनी एका मोठ्या कचेरीत बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली. बैठकीत माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली तरी काका लिहीत, 'सभासदांनी विषयाच्या सर्व बाजू जवळून तपासल्या.' कोणाचीही सूचना फेटाळायची नाही, तिला कुठेतरी सामावून घ्यायचं, हे त्यांचं तत्त्व होतं. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे सचिव झाले आणि इमारतीतल्या पोरांनी त्यांना हे नाव बहाल केलं. आज भाजी कोणती करायची असं विचारलं तरी काका म्हणत, "विषय चर्चेला घेऊ."

तर मावा. मिरचीचं पान उलटं केलं की खाली हिरवट बारीक किडींची नुसती वस्ती. काकांना आधी वाटलं धूळ आहे. धूळ चालायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा पहिलं वाक्य असायचं, "मिरच्या दाखवा." काका गच्चीवर धावत. सगळ्या झाडांत एक झाड अजून धड होतं. तेच ते समोरून दाखवत, मग मागून दाखवत, मग फोन आडवा धरून दाखवत.

"सगळी एकसारखी कशी दिसायला लागली हो?" काकू म्हणायच्या.

"शिस्त लावलीय," काका म्हणायचे. आणि फोन ठेवून कपाळावरचा घाम पुसायचे.

अशात रविवारच्या पुरवणीत एक लेख आला. सुगंधी तेलं आणि रासायनिक कीटकनाशक एकत्र वापरायची एक नवी पद्धत त्यात सांगितली होती. विष पचवायची किडीच्या अंगात जी ताकद असते ती ही तेलं म्हणे मोडून काढतात, त्यामुळे औषध कमी घातलं तरी पुरतं. पुढे 'प्रमाण जाणकाराला विचारूनच ठरवावे' असंही छापलं होतं. पण काका तिथपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचे डोळे आधीच भरून आले होते. आयुष्यभर त्यांनी भांडणाऱ्या दोन पक्षांना एका टेबलाशी बसवलं होतं. इथे तर चक्क सुगंध आणि विष एका बादलीत नांदायला तयार होते. जगात इतका सामंजस्याचा ठराव त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

पण अडचण अशी, की गच्ची सामाईक. सामाईक जागेत औषध मारायचं तर सचिवांची लेखी परवानगी हवी, असा नियम होता आणि तो नियम काकांनीच केलेला होता. म्हणून सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सचिवांना अर्ज लिहिला. दुपारी ते सोसायटीच्या ऑफिसात गेले, चष्मा बदलला आणि अर्ज वाचायला घेतला. अर्जात वाऱ्याच्या दिशेचा उल्लेख नव्हता. सचिव म्हणून त्यांना हे खपण्यासारखं नव्हतं. त्यांनी 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा' असा शेरा मारला आणि अर्ज घरी पाठवला, म्हणजे स्वतःच घेऊन गेले. घरी अर्जदाराचं डोकं फिरलं. "सामान्य माणसाला अडवून काय मिळतं या लोकांना!" असं ते दाढी करताना आरशात बघून म्हणाले. समोरच्याने उत्तर दिलं नाही, तेव्हा ते आणखी चिडले.

शेवटी स्वतःच्याच अर्जावर स्वतः सही केली तर वशिलेबाजीचा आरोप व्हायचा, या भीतीने त्यांनी विषय कमिटीपुढे ठेवला. इथेच खरं तर सगळं बिघडलं.

त्याआधी ते शेतीऔषधांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार पोत्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसला होता.

"शेत केवढं आहे?"

"शेत नाही. बादल्या आहेत," काका म्हणाले. "आणि मशीनचं पोट."

दुकानदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग एक बाटली पुढे केली, हातपंप काढला आणि म्हणाला, "झाकणभर घ्या, पाण्यात टाका आणि मारा. तेलबिल काही लागत नाही."

"आणि मिरची खायची कधी?"

"आठवडाभर झाडाला हात लावायचा नाही. नंतरसुद्धा खळखळून धुतल्याशिवाय तोंडात टाकायची नाही."

बाटलीवर कवटी होती आणि कवटीखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. काकांनी ती पिशवीत टाकली, पिशवी दुसऱ्या पिशवीत टाकली आणि ती अंगापासून लांब धरून घरी आले. वाटेत दोघांनी त्यांना बघून रस्ता ओलांडला.

कमिटी म्हणजे चार खुर्च्या. पहिली अध्यक्षांची. समोर माणसं किती आहेत याचा विचार न करता ते कायम जाहीर सभेत बोलल्यासारखे बोलत. नाक मात्र बारा महिने चोंदलेलं, त्यामुळे सगळं भाषण जणू घागरीतून येई. दुसरी खुर्ची तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांची. तिसरी पार्लरताईंची. पहिल्या मजल्यावर त्यांचं ब्यूटी पार्लर होतं आणि इमारतीत कोणाच्या डोक्यावर किती केस खरे, हे एकट्या त्यांना ठाऊक होतं. चौथी काकांची.

काकांनी विषय मांडला. लेख वाचून दाखवला. "तेल कोणतं घ्यावं, याबद्दल सभासदांनी मार्गदर्शन करावं," असं म्हणाले आणि तिथेच फसले.

"लवंगेचं," डॉक्टर म्हणाले. "दुखरा दात बघता बघता बधिर होतो. मावा काय चीज आहे?"

"माव्याला दात असतात का पण?" पार्लरताईंनी विचारलं.

"मुद्दा दाताचा नाही, ताई. मुद्दा बधिर होण्याचा आहे."

"त्यापेक्षा पुदिन्याचं घ्या. माझ्याकडे आहे. डोक्याला लावलं की माणूस खुर्चीतून उठूच शकत नाही, इतका गार पडतो."

"सभासदहो," अध्यक्ष घागरीतून म्हणाले, "या इमारतीने माझं नीलगिरीचं तेल आजवर पाहिलेलं आहे. रुमालावर दोन थेंब घेतले की माशी फिरकत नाही. ते डावललं जाऊ नये, एवढीच माझी नम्र अपेक्षा आहे."

आता जाणत्या माणसाने यातलं एक तेल निवडलं असतं. पण एक निवडलं की दोघं दुखावणार. काकांनी आयुष्यात कोणाला दुखावलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'तिन्ही तेलांचा समावेश करावा.' मग थेंब किती, यावर चढाओढ लागली. डॉक्टर चमचाभर म्हणाले, तर ताई वाटीभर म्हणाल्या. अध्यक्षांनी आपली अख्खी बाटली समाजाला अर्पण केली. मग डॉक्टरांचाही स्वाभिमान जागा झाला.

तेल वाढत गेलं तसं विष कमी होत गेलं. झाकणभर ऐकून ताईंनी हात छातीशी नेला. "अगं बाई! खाली माझ्या गिऱ्हाइकांचे चेहरे उघडे असतात. अर्धं झाकण करा." डॉक्टर म्हणाले, लेखानुसार तेल असलं की विष निम्मं, म्हणजे अर्ध्याचं निम्मं. अध्यक्षांनी वडीलकीच्या नात्याने त्यातही कपात सुचवली. शेवटी जे उरलं ते मोजायला डॉक्टरांच्या दवाखान्यातलं इंजेक्शनच लागणार होतं. बाटलीला हात कोणी लावायचा हा प्रश्न आला, तेव्हा मात्र सभेत विलक्षण एकोपा दिसला. 'औषध सचिवांनी एकट्याने मिसळावे, इतरांनी सुरक्षित अंतरावरून देखरेख करावी,' हा ठराव सर्वानुमते पास झाला. सर्वानुमते हा शब्द लिहिताना काकांच्या अंगावर नेहमी रोमांच उभे राहत. त्या दिवशीही राहिले.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा कॉल आला. पहिल्यांदाच त्या मिरच्या दाखवा म्हणाल्या नाहीत. फोनमध्ये दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद काहीतरी होतं आणि ते जांभई देत होतं.

"नात झाली हो! तुमच्यासारखंच कपाळ आहे. आता त्याला काही इलाज नाही."

काकांनी घसा खाकरला आणि "अभिनंदनाचा ठराव..." एवढंच म्हणाले. काकू पोट धरून हसल्या.

"मी आले ना, की पहिली मिरची तिथेच उभी राहून खाणार आहे. इथे जिभेला चवच राहिली नाही बघा."

"धुऊन घेशील ना?" काका एकदम म्हणाले.

"काहीतरीच काय विचारताय? कधी धुतलीय?"

फोन बंद झाल्यावरही काका बराच वेळ तो हातात धरून बसले होते.

फवारणीच्या सकाळी इमारतीवर कोणी हल्ला करणार असावं अशी तयारी होती. जिन्यात 'विषारी फवारणी, लहान मुले व मांजरांनी गच्चीवर येऊ नये' अशी पाटी लागली. तळमजल्यावरच्या मांजराने ती वाचली नाही आणि ते सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसलं. पाण्याच्या टाक्यांवर प्लास्टिक बांधलं गेलं. काकांनी रेनकोट घातला, लेकीचा पोहायचा चष्मा लावला, तोंडावर फडकं बांधलं आणि डोक्यावर काकूंची अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली. टोपीवर बदकं होती. टोपीशिवाय चालेल का यावर त्यांनी आरशासमोर विचार केला होता, पण सुरक्षेच्या प्रश्नावर तडजोड नको असं ठरलं.

बादलीत पाणी घेतलं. डॉक्टरांनी लवंगेचं तेल ओतलं, ताईंनी पुदिन्याचं आणि अध्यक्षांनी, चार शब्द बोलून, नीलगिरीचं. तिन्ही तेलं मजेत पाण्यावर तरंगत राहिली. ढवळलं की खाली जायची, हात थांबला की वर. काकांनी हे कमिटीत फार वेळा पाहिलं होतं.

"यात काहीतरी फेसाळ हवं," पार्लरताई म्हणाल्या. खाली जाऊन त्यांनी शॅम्पूचा भलामोठा डबा आणला आणि कोणी 'बास' म्हणायच्या आत निम्मा उलटा केला. तेलं मिसळली यात शंका नाही. पण बादलीतून फेस वर आला, बाहेर आला, आणि काकांच्या बुटांवरून मांजराच्या दिशेने निघाला. मांजर उठून गेलं. त्या सबंध सकाळभरात शहाणपणाचा निर्णय घेणारं ते एकटंच.

"आता औषध," अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांबरोबर स्वतःही दहा पावलं मागे सरले.

काकांनी बाटली घेतली, बादली उचलली आणि टाकीच्या आडोशाला गेले. तिथे त्यांना बराच वेळ लागला. मध्येच ताईंनी "काका, बरे आहात ना?" अशी हाकही मारली. ते बाहेर आले तेव्हा बाटली रेनकोटच्या खिशात होती आणि चेहरा इतका गंभीर होता, की डॉक्टरांनी आपोआप आणखी दोन पावलं मागे घेतली.

पंप भरला. काकांनी दांडा मारला. काही येईना. फेस नोझलमध्ये अडकला होता. आणखी मारला. पंपाच्या पोटातून कोणीतरी घोरतंय असा आवाज आला. नेमक्या याच वेळी अध्यक्षांना राहवेना. "आजच्या या ऐतिहासिक प्रसंगी," असं म्हणत ते दोन पावलं पुढे आले, हात उंचावला आणि 'ऐतिहासिक' शब्दावर तोंड पूर्ण उघडं असतानाच नोझल मोकळं झालं.

पांढरा झगझगीत सदरा, चष्मा, मिशा आणि उघडं तोंड, सगळीकडे फवारणी एकसारखी झाली. दुकानदाराने पाहिली असती तर शाबासकी दिली असती.

अध्यक्ष खाली बसले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "गिळलं."

काकांच्या हातून सुटलेला पंप मिरच्यांकडे तोंड करून रिकामा होईपर्यंत फवारत राहिला. पुढची धावपळ सांगायला नको. ताई रडत होत्या, डॉक्टर "मी फक्त दातांचा आहे" असं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होते. काका अध्यक्षांना आधार देऊन जिना उतरत होते आणि सारखे म्हणत होते, "साहेब, काही होणार नाही. तुम्हाला काही म्हणजे काही होणार नाही." हे ते नुसतं धीर द्यायला म्हणत नव्हते, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. रिक्षात अध्यक्षांना डोळ्यांपुढे अंधारी आली. हॉस्पिटलच्या दारात त्यांचे पाय गेले. आत खाटेवर पडेपर्यंत त्यांनी नव्या अध्यक्षांच्या निवडीबाबत दोन सूचना केल्या होत्या. ताईंनी व्हरांड्यात जाऊन काकूंना फोन लावला. "काकू, तुम्ही आधी बसा. काकांनी अध्यक्षांना विष घातलं."

अपघात विभागात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी बदकांच्या टोपीकडे पाहिलं, मग पेशंटकडे.

"कोणतं औषध होतं? बाटली आणलीय का?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांचा हात रेनकोटच्या खिशावर घट्ट बसला होता.

"लवकर सांगा. पोट धुवायला लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्सने लांबलचक रबरी नळी आणली आणि नळी बघून अध्यक्षांनी डोळे मिटले. काका एकदा नळीकडे बघत, एकदा अध्यक्षांकडे. खिशातला हात निघेना. त्या खिशात जे होतं ते बाहेर आलं तर सबंध आयुष्याची पत जाणार होती. नळी अध्यक्षांच्या नाकापाशी आली तेव्हा मात्र काकांनी डोळे घट्ट मिटले आणि बाटली पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. फिरवून बघितली.

"हिचं सील फोडलेलंच नाही."

सगळे पुन्हा काकांकडे वळले.

"राहून गेलं," काका फडक्याआडून म्हणाले.

"राहून गेलं?" अध्यक्ष खाटेवर ताडकन उठून बसले. पाय परत आले होते. "ठराव झालेला असताना राहून गेलं?"

"मग यांच्या अंगावर आहे तरी काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लवंग, पुदिना, नीलगिरी," दातांच्या डॉक्टरांनी पडेल आवाजात सांगितलं.

"आणि कोरड्या केसांचा शॅम्पू," ताईंनी भर घातली.

डॉक्टरीणबाईंनी वाकून वास घेतला. "छान आहे," त्या म्हणाल्या. अध्यक्षांचे डोळे आणि घसा तपासला, तोंड खळखळून धुवायला सांगितलं, तासभर नजरेखाली ठेवलं आणि नर्सला नळी परत न्यायला सांगितलं.

अध्यक्षांचा राग काही शांत होईना. वाचल्याचा आनंद होताच, पण एवढी तयारी करून मरण हुकलं याचं दुःखही होतं. शिवाय त्यांचा आवाज बदललाय हे लोकांच्या लक्षात आलं. नाक मोकळं झालं होतं. घागर गेली होती. आता हे कबूल करावं तर रागाची धार जाणार, म्हणून ते मुद्दाम नाक ओढत राहिले.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. सचिवांनी सर्वानुमते झालेल्या ठरावाची अंमलबजावणी विसरून सभेचा अवमान केला, असा निषेधाचा ठराव आला. तो लिहायचा कोणी? सोसायटीत ठराव लिहिता येणारा माणूस एकच. काका मान खाली घालून लिहायला बसले. 'सचिवांचा निष्काळजीपणा अक्षम्य असून' इथे ते थांबले, अक्षम्य खोडून 'खेदजनक' केलं, पुन्हा खोडून 'अक्षम्य'च ठेवलं, कारण भाषेत ते जास्त शोभत होतं. इतका सुबक निषेध सोसायटीच्या दप्तरात आजवर झाला नव्हता. घरी येऊन ते जेवले नाहीत. काकूंचा फोनही त्यांनी घेतला नाही. गळ्यातल्या किल्लीला हात लावून तसेच बसून राहिले.

सकाळी गच्चीवर जाऊन बघतात तर मिरच्यांची पानं करपून वळली होती. तेल भलतंच जास्त झालं होतं. मावा कुठे दिसत नव्हता, पण पानंही फारशी उरली नव्हती. जे धड झाड ते रोज समोरून, मागून, आडवं दाखवत होते, त्यावर एक पिवळी मिरची तेवढी लटकत होती. काका तिच्यापुढे झारी घेऊन उभे होते. झारीत पाणी नव्हतं, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"अध्यक्ष बरे आहेत ना?"

दारात काकू उभ्या होत्या, हातात प्रवासाची पिशवी तशीच. पहिल्या गाडीने आल्या होत्या.

"आहेत," काका म्हणाले. "नाकही मोकळं झालंय."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. झाडांवरून नजर फिरवली. सरळ त्या एका झाडापाशी गेल्या, मिरची तोडली, बाहीला पुसली आणि काका "अगं" म्हणेपर्यंत कचकन चावा घेतला.

काकांचा श्वास थांबला. मग सुटला. इतका मोठा सुटला, की हातातली झारी खाली पडली.

"शी!" काकूंनी तोंड वेडंवाकडं केलं. "हे काय? दातांच्या दवाखान्यात गेल्यासारखं लागतंय."

"लवंग आहे," काका म्हणाले. "मागून पुदिना येईल."

"आणि ती विषाची बाटली? ताई जिन्यात म्हणाल्या, औषध घालायचंच विसरलात. सगळ्या इमारतीसमोर निषेध झाला म्हणे."

काकांनी गळ्यातून किल्ली काढली. लाल दोरा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"विसरलो नव्हतो," ते हळूच म्हणाले. "टाकीमागे बसलो होतो बाटली घेऊन. फोडवेना. ठराव होता, सर्वानुमते होता, मीच लिहिला होता. पण तू येशील आणि न धुता खाशील. पाटी लावली असती तरी खाल्ली असतीस. तुला कोण अडवणार?" त्यांनी दोरा पुन्हा सोडला. "आजवर एक ठराव मोडला नव्हता मी. म्हणून विसरलो म्हणालो."

काकूंनी हातातल्या मिरचीकडे पाहिलं. मग त्यांनी आणखी एक चावा घेतला, आणि लवंग, पुदिना, शॅम्पू सगळं मुकाट्याने गिळलं. डोळ्यांत पाणी आलं ते पुदिन्याने आलं असावं.

काकांनी किल्ली पुढे केली.

काकूंनी ती घेतली नाही. काकांची मूठ त्यांनी किल्लीसकट मिटवली आणि पिशवी उचलली.

"किल्ली राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पंप तेवढा इकडे द्या."